घशाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधली रक्तवाहिन्यांची ओळ

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ५९ वर्षांचे, ऐन तरुणपणापासून बिडी. आधी आवाज बसला, मग जेवताना ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जायला लागलं, आणि दुर्बिणीच्या तपासणीत स्वरयंत्राच्या वरच्या भागात कॅन्सर निघाला. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत ऑपरेशन झालं. पूर्ण स्वरयंत्र आणि मानेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) काढल्या. रिपोर्ट टी ३, एन १ (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे मानेतल्या ग्रंथी). मानेतल्या ४१ गाठींपैकी एकीत कॅन्सर, ती दोन सेंटिमीटरची आणि तिचं कवच शाबूत. कापलेल्या कडा मोकळ्या. पुढे रेडिएशन घ्यायला सांगितलं आहे. कुणाच्या तरी सल्ल्याने घरच्यांनी एका खासगी लॅबमधून जादा तपासणी करून घेतली, तिच्यात लिहून आलं: ‘सीडी ३४: सूक्ष्म रक्तवाहिन्यांची घनता वाढलेली. व्हीईजीएफ: ठळक पॉझिटिव्ह.’ तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. ताई विचारतात, याचा अर्थ कॅन्सर वेगाने पसरणार असा आहे का? किती वेळ उरला आहे? आणि गाठीचं रक्त तोडणारं इंजेक्शन मिळतं म्हणतात, ते घ्यावं का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि हेड-नेक कॅन्सरच्या स्लाइड वाचणं हेच माझं रोजचं काम. म्हणून आधी थेट उत्तर देतो. ताई, त्या ओळीवरून तुमच्या वडिलांचं आयुष्य मोजता येत नाही. त्या ओळीने त्यांच्या उपचारात आज काहीही बदलत नाही. इंजेक्शनची गरज नाही, आणि या टप्प्यावर ते धोक्याचं ठरेल. ही तीनही वाक्यं मी का लिहितोय ते सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय धीर टिकत नाही.

कॅन्सरची गाठ अगदी लहान असते तेव्हा आजूबाजूच्या केशवाहिन्यांमधून झिरपणाऱ्या ऑक्सिजनवर तिचं भागतं. पण ऑक्सिजन केशवाहिनीपासून साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे ठामपणे मांडलं, तेव्हा फार कमी लोकांनी ते मनावर घेतलं. यामागची यंत्रणा पुढे उलगडत गेली. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि ऑक्सिजन पुरेसा असला की लगेच मोडीत निघतं. ऑक्सिजन कमी पडला की ते साचतं, केंद्रकात जातं आणि व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन तयार करणारं जनुक चालू करतं. व्हीईजीएफ शेजारच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं की तिच्या अस्तरातल्या पेशी कोंब फुटल्यासारख्या गाठीच्या दिशेने सरकायला लागतात. पेशीला ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण घरच्यांचा गैरसमज बहुधा इथेच होतो. गाठीत रक्तवाहिन्या भरपूर म्हणजे गाठीला रक्त भरपूर, असं नसतं. घाईघाईत तयार झालेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, मध्येच बंद होतात, त्यांच्या भिंती गळक्या असतात. मुंबईतल्या टेकडीवरच्या वस्तीत पाइपांचं जाळं पसरलेलं दिसतं आणि वरच्या घराच्या नळाला मात्र पाणी चढत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून एकाच गाठीत एका जागी वाहिन्यांची गर्दी आणि थोड्याच अंतरावर ऑक्सिजनवाचून मेलेल्या पेशींचा पट्टा, असं दृश्य आम्हाला नेहमी दिसतं. हे पुढे रेडिएशनच्या बाबतीत फार महत्त्वाचं ठरतं.

आता ही ‘घनता’ मोजतात कशी ते सांगतो. ते पाहिलंत की त्या ओळीची भीती बरीच कमी होईल.

ऑपरेशनमधून आलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक बनवतात. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढून त्यावर सीडी ३४ची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच्या त्या नावाच्या प्रथिनाला चिकटणारी, अँटिबॉडी टाकतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तपकिरी रंगतात, बाकी सगळं फिकट निळं राहतं. मग पॅथॉलॉजिस्ट कमी पॉवरवर सगळी स्लाइड फिरवून सर्वांत जास्त तपकिरी दिसणारी जागा शोधतो. आम्ही तिला ‘हॉट स्पॉट’ म्हणतो. तिथे पॉवर वाढवून एका वर्तुळात किती वाहिन्या बसतात त्या मोजायच्या. नळी दिसलीच पाहिजे असंही नाही, एक सुटी तपकिरी पेशीसुद्धा एक वाहिनी म्हणून धरतात. अशा दोन-तीन जागांची सरासरी किंवा सर्वांत मोठा आकडा, तीच घनता.

यात प्रत्येक पायरीवर आकडा हलतो. हॉट स्पॉट कोणता, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. तीच स्लाइड दोघांना दिली तर दोघे वेगळ्या जागी थांबू शकतात. मायक्रोस्कोप बदलला की वर्तुळाचं क्षेत्रफळ बदलतं. सीडी ३४ नव्या वाहिनीलाही रंगवते आणि वडिलांच्या घशात जन्मापासून असलेल्या जुन्या वाहिनीलाही. नव्याने वाढणाऱ्या वाहिन्या त्यातल्या त्यात वेगळ्या दाखवायला सीडी १०५ जास्त बरी, पण ती सर्रास करत नाहीत. आणि ‘वाढलेली’ म्हणजे कशापेक्षा वाढलेली? बहुतेक अभ्यासांमध्ये त्या-त्या अभ्यासातल्या रुग्णांचा मधला आकडा घेऊन त्याच्या वरचे ‘जास्त’ आणि खालचे ‘कमी’ अशी वाटणी केलेली असते. सगळ्यांनी मान्य केलेली, सगळ्या लॅबना लागू पडणारी रेष आजही नाही.

स्वरयंत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तुमच्या वडिलांची ऑपरेशनच्या आधी बायोप्सी झाली असणारच. बायोप्सी घेतलेल्या जागी जखम भरते, आणि भरणाऱ्या जखमेत केशवाहिन्यांचं अक्षरशः रान माजतं. बिडीच्या धुराने सुजलेल्या अस्तरातही वाहिन्या वाढलेल्या असतात. गाठीवर व्रण असेल तर त्याच्या तळाशीही हेच. सीडी ३४ लावली की हे सगळं सारखंच तपकिरी दिसतं. भरणाऱ्या जखमेची जागा हॉट स्पॉट म्हणून मोजली गेली तर रिपोर्टमध्ये ‘वाढलेली’ असंच येणार, आणि त्याचा कॅन्सरच्या स्वभावाशी काही संबंध नसणार. तुमच्या बाबतीत असंच झालं असं मी स्लाइड न बघता म्हणणार नाही. पण एकट्या ओळीवर भिस्त ठेवायला मी का तयार नाही, ते यावरून कळेल.

मग लोक हे मोजतात तरी का? कारण प्रश्न खरा आहे. १९९१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमध्ये असं दिसलं की जिथे वाहिन्यांची घनता जास्त तिथे कॅन्सर दूर पसरल्याचं प्रमाण जास्त. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या कॅन्सरमध्ये ही मोजणी झाली, स्वरयंत्रातही. तिथे निकाल एका सुरात आले नाहीत. काही अभ्यासांत जास्त घनतेच्या रुग्णांमध्ये मानेत गाठी आणि आजार उलटणं जास्त दिसलं, काहींत काहीच फरक नाही. रेडिएशन घेतलेल्या काही रुग्णगटांत तर जास्त वाहिन्या असलेल्यांचं जास्त चांगलं झालेलं दिसलं. त्याला कारणही आहे: रेडिएशनला ऑक्सिजन लागतो. व्हीईजीएफचं चित्र थोडं अधिक एकसंध आहे. २००५ मध्ये हेड-नेक कॅन्सरचे बारा अभ्यास आणि जवळपास एक हजार रुग्ण एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, व्हीईजीएफ पॉझिटिव्ह असलेल्यांमध्ये दोन वर्षांत मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला.

‘दुप्पट’ वाचून घाबरू नका. हे मागे वळून पाहिलेले छोटे अभ्यास होते. त्यात तोंडाचे, घशाचे, स्वरयंत्राचे, वेगवेगळ्या स्टेजचे रुग्ण एकत्र होते, आणि मोठ्या गाठीत व्हीईजीएफ जास्त असणं स्वाभाविकच आहे. असा आकडा रुग्णांच्या गटाबद्दल बोलतो. ज्याच्या मानेतल्या ४१ गाठी तपासून झाल्या आहेत आणि कडा मोकळ्या आहेत, अशा एका माणसाबद्दल आपल्याकडे याहून कितीतरी पक्की माहिती हातात आहे.

ती माहिती तुमच्याच रिपोर्टमध्ये, त्या जादा पानाच्या आधीच्या पानांवर आहे. स्वरयंत्राच्या वरच्या भागात लसीकावाहिन्यांचं जाळं दाट असतं, म्हणून तिथला कॅन्सर मानेत लवकर उतरतो. स्वरतंतूंवरच्या कॅन्सरचं तसं नाही, तिथे हे जाळं विरळ असतं आणि आवाज बसल्याने आजारही लवकर कळतो. म्हणून वडिलांच्या बाबतीत मी सर्वांत आधी मानेची ओळ वाचली. एकच गाठ, कवच शाबूत. कवच फोडून कॅन्सर बाहेर आलेला असता तर चित्र बरंच गंभीर झालं असतं आणि रेडिएशनसोबत केमोही द्यावी लागली असती. कवच फुटलेलं असेल किंवा कडेला कॅन्सर असेल तर दोन्ही एकत्र द्यायचं, ही पद्धत २००४ मध्ये आलेल्या युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांवर उभी आहे. वडिलांना नुसतं रेडिएशन सांगितलंय ते याचमुळे. कुणीतरी उपचारात हात आखडता घेतलाय असं समजू नका. टी ३, एन १ म्हणजे तिसरी स्टेज. आजार गंभीर आहे, पण उपचार बरं करण्याच्या उद्देशानेच चालले आहेत.

रिपोर्टमध्ये ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ अशीही एक ओळ असते. ती ‘नाही’ आहे, असं तुम्ही पाठवलेल्या मजकुरात दिसतं. बरेच नातेवाईक ही ओळ आणि सीडी ३४ची ओळ एकच समजतात. इन्व्हेजन म्हणजे कॅन्सरच्या पेशी प्रत्यक्ष वाहिनीच्या आत शिरलेल्या दिसल्या. तो पुरावा असतो, आणि ट्यूमर बोर्डावर, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, त्याला वजन मिळतं. गाठीत वाहिन्या पुष्कळ असणं ही वेगळी गोष्ट. तुमच्याकडे पहिली नाही आणि दुसरीबद्दल शंका आहे. माझ्या मते पहिली नसणं जास्त बोलतं.

आता इंजेक्शन. नातेवाइकांनी सांगितलं ते बहुधा बेव्हासिझुमॅब असावं. ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं. २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली आणि काही कॅन्सरमध्ये त्याचा खरा उपयोग आहे. हेड-नेक कॅन्सरमध्ये त्याची नीट परीक्षा झालेली आहे. उलटलेला किंवा पसरलेला आजार असलेल्या ४०३ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत अर्ध्यांना नुसती केमो आणि अर्ध्यांना केमोसोबत बेव्हासिझुमॅब दिलं. २०१९ मध्ये आलेल्या निकालात आयुष्याचा मध्यांक ११ महिन्यांवरून १२.६ महिने झाला. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. गंभीर रक्तस्राव मात्र ०.५ टक्क्यावरून ६.७ टक्क्यांवर गेला. मानेत कॅरोटिड धमनी आहे, वडिलांची जखम ताजी आहे, घशाची शिवण नुकतीच जुळते आहे. नव्या वाहिन्या रोखणारं औषध जखम भरणंही रोखतं. ऑपरेशन पूर्ण झालेल्या, कुठेही आजार उरलेला न दिसणाऱ्या माणसाला हे देण्याला आधार नाही. दागिने मोडून आणायचं औषध हे नव्हे, एवढं कळकळीने सांगतो.

रक्तवाहिन्या रोखण्याचा हाच विचार मुंबईत वेगळ्या वाटेने पुढे गेला आहे, आणि ते तुम्हाला माहीत असावं. केमोचा मोठा डोस तीन आठवड्यांनी देण्याऐवजी छोटा डोस सतत दिला, तर वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना सावरायला उसंत मिळत नाही. याला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात, आणि त्यावरचे सुरुवातीचे महत्त्वाचे प्रयोग फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत झाले. परळच्या टाटा हॉस्पिटलने आपल्याकडच्या रुग्णांना परवडेल आणि झेपेल असा उपाय म्हणून ते मोठ्या चाचणीत तपासलं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट या केमोच्या गोळ्या आणि रोज सेलेकॉक्सिब ही सूज-वेदनेवरची गोळी. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता अशा ४२२ रुग्णांत सिस्प्लॅटिन या केमोच्या इंजेक्शनशी तुलना केली. गोळ्यांवरच्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यांक ७.५ महिने, इंजेक्शनवरच्यांचा ६.१ महिने, आणि गोळ्यांचा त्रासही कमी. हा निकाल २०२० मध्ये आला. पुढे याच गोळ्यांमध्ये एर्लोटिनिब ही कॅन्सरवरची आणखी एक गोळी घातली, आणि त्यावर निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला, तेव्हा नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत एक वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. ही औषधं एकाच वेळी अनेक जागी काम करतात, त्यामुळे सगळं श्रेय रक्तवाहिन्या रोखण्याला देणं बरोबर नाही. पण गावाहून आलेला, रोज मजुरी करणारा रुग्ण गोळ्या घेऊन घरी जाऊ शकतो, हे मी फार मोठं मानतो. वडिलांना आज याची गरज नाही. पुढे कधी आजार उलटलाच तर हातात काही उरलेलं नसेल असं समजू नका, म्हणून हे सांगितलं.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण वडिलांच्या बाबतीत रक्तवाहिन्यांचा खरा संबंध इथे येतो. ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला रेडिएशनचा अडीच ते तीन पट डोस लागतो. डेन्मार्कमध्ये स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा आणि घशाचा कॅन्सर असलेल्या रुग्णांना रेडिएशनसोबत नायमोराझोल नावाचं औषध दिलं, जे ऑक्सिजन नसलेल्या पेशींना रेडिएशनपुढे हळवं करतं. पाच वर्षांनी गाठ आणि मान आटोक्यात असलेले रुग्ण ३३ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले. ते ऑपरेशन न झालेले रुग्ण होते, म्हणून ते औषध मागायला जाऊ नका. पण रेडिएशनच्या काळात शरीरात ऑक्सिजन नीट पोचणं किती मोलाचं आहे ते यातून दिसतं.

म्हणून बिडी पूर्ण बंद. वडिलांचा श्वास आता मानेच्या छिद्रातून चालतो म्हणून ती सुटलीच असेल असं धरून चालू नका, छिद्रातून ओढणारेही असतात. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यांनीही निदान या दोन महिन्यांत त्यांच्याजवळ ओढू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. कॅनडातल्या एका अभ्यासात रेडिएशन चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली, सोडलेल्यांपैकी ७४ टक्क्यांची. मिश्री आणि तंबाखूही बंद, तोंडाचं अस्तर रेडिएशनमध्ये आधीच सोललेलं असतं.

हिमोग्लोबिन बघून घ्या. कमी असेल तर का कमी आहे ते डॉक्टरांना शोधू द्या, लोह लागेल, क्वचित रक्त लागेल. एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे रक्त वाढवणारी, इंजेक्शनं मात्र स्वतःहून घेऊ नका. २००३ मध्ये हेड-नेकच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन वाढलं, पण कॅन्सर जास्त उलटला.

ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं. तुमचे तीन आठवडे गेले आहेत, म्हणजे या आठवड्यातच प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनची तारीख घ्या, आणि त्याआधी दात दाखवा. काढायचे दात आधी काढावे लागतात, नंतर जबड्याचं हाड भरून येत नाही. सहसा ३० वेळा ‘लाईट’ घ्यावी लागते, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. एकदा सुरू झालं की खंड नको. मध्ये गणपती आले तरी गावी जायचं नाही. डोंबिवलीहून लोकलने रोज ये-जा जड जाईल, तिसऱ्या आठवड्यानंतर तर फारच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं आधार आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन तिथली किंवा दुसरी सोय विचारा, संकोच करू नका. प्रवास करावाच लागला तर छिद्रावर ओलसर जाळीचं कापड ठेवा. वजन दर आठवड्याला करा. गिळता येईना तर नाकातून नळी टाकायला सांगतील, तिला नाही म्हणू नका.

‘रक्तवाहिन्या सुकवणारं’ म्हणून शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल आणि कसली कसली चूर्णं विकली जातात. शार्कच्या कूर्चेचा अर्क फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मोठ्या चाचणीत तपासला गेला आणि त्याचा काही फायदा दिसला नाही. जेवणातली हळद चालू द्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रेडिएशन संपेपर्यंत नकोत.

तुमच्या भावाचाही आवाज महिनाभर बसलेला आहे आणि तोही बिडी ओढतो, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. मला त्याची काळजी वाटते. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर स्वरयंत्र दुर्बिणीने बघायलाच हवं. आता काही स्कोपमध्ये ‘नॅरो बँड इमेजिंग’ असतं. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे अस्तरातल्या बारीक वाहिन्या गडद उठून दिसतात. निरोगी स्वरतंतूवर त्या तंतूच्या लांबीच्या दिशेने, पृष्ठभागाला समांतर धावतात. कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था असेल तर खालून वर उभे आलेले टोक आणि वळसे गडद ठिपक्यांसारखे दिसतात, कधीकधी गाठ डोळ्याला दिसण्याआधीच. रक्तवाहिन्यांच्या या सगळ्या अभ्यासाचा रुग्णाला आज सर्वांत सरळ फायदा मला इथे दिसतो. पक्कं निदान बायोप्सीनेच होतं, पण बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची ते यातून कळतं. भावाला याच आठवड्यात ईएनटीकडे न्या, वडिलांच्या प्लॅनिंगच्या दिवशीच त्याचाही केसपेपर काढला तरी चालेल.

‘किती वेळ’ याचं उत्तर तारखेत मी देणार नाही, आणि कुणी दिलं तर धरू नका. आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून त्या काळात बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं. थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा-बारा महिन्यांनी, कारण मानेवरच्या रेडिएशनने थायरॉइड मंदावतो. आणि स्पीच थेरपिस्टची भेट रेडिएशन सुरू होण्याआधीच घ्या. कृत्रिम झडप बसवून किंवा अन्ननलिकेतून हवा सोडून बोलता येतं, आणि वडील पुन्हा बोलू शकतील हे त्यांना आत्ताच, उपचार जड जायच्या आधी, कुणीतरी प्रत्यक्ष करून दाखवायला हवं. ब्लॉक आणि सगळ्या स्लाइड लॅबमधून परत घेऊन ठेवा. दुसरं मत हवं असेल तर हेड-नेकच्या पॅथॉलॉजिस्टला तेच लागतं, आणि सीडी ३४ची स्लाइडही त्यातच द्या, तो हॉट स्पॉट कुठला होता ते दोन मिनिटांत सांगता येईल.